३ डॉलरमध्ये जोडीदार!

"नेटवर जमलेलं लग्न टिकतं का रे?" हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. पण कॉम्प्युटरने जोड्या जुळवायचा उद्योग इंटरनेटपेक्षाही जुना आहे!

१९६५ साली हार्वर्डच्या जेफ टार आणि वॉन मॉरिल या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' सुरू केलं. ३ डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठवायची. उत्तरं पंचकार्डांवर चढायची, भाड्याच्या कॉम्प्युटरमध्ये जायची आणि जुळलेल्या नावांची यादी टपालाने घरी! मग १९९५ मध्ये मॅच.कॉम आलं. २०१७ मध्ये जमलेल्या अमेरिकन स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी तर सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती.

बरं, टिकतं का? कॅचिओपो यांनी २०१३ मध्ये १९,१३१ अमेरिकन लोकांचा अभ्यास छापला. लग्नं २००५ ते २०१२ मधली. ऑनलाइन भेटलेल्यांत सुमारे ६ टक्के लग्नं मोडली, बाकीच्यांत ७.७. फरक किरकोळ, आणि अभ्यासाला पैसा ईहार्मनी या जोड्या जुळवणाऱ्या कंपनीचा! २०२५ च्या ५० देशांतल्या अभ्यासात उलटं निघालं: ऑनलाइन भेटलेले जरा कमी समाधानी. तिथेही फरक छोटाच.

आमच्या भाषेत सांगायचं तर सर्च झाला, पण प्रेडिक्शन अजून जमलेलं नाही. २०१७ च्या एका प्रयोगात मशीन लर्निंगला कुणाचं कुणाशी जुळेल हे प्रश्नावलीवरून ओळखता आलं नव्हतं. तेव्हा प्रोफाइल आवडलं तर लवकर भेटा. चॅटिंगमध्ये सहा महिने घालवू नका. पुढचं सगळं भेटल्यावरच कळतं.