पाव्हलोव्हचे विशेषण

मराठीतले मानसशास्त्राचे क्रमिक पुस्तक उघडले की पाव्हलोव्हच्या कुत्र्याशेजारी ‘अभिजात अभिसंधान’ हे शब्द भेटतात. मी राहते त्या वाराणसीत हिंदी माध्यमाची मुले त्याच धड्याला ‘प्राचीन अनुबंधन’ म्हणतात. एकाच ‘क्लासिकल’चे इकडे अभिजात झाले, तिकडे प्राचीन. अनुवादकाला अशा जोड्या गमतीच्या वाटतात. पण खरी गोम दुसऱ्या शब्दात आहे, आणि ती शोधायला इंग्रजीच्या मागे, रशियनपर्यंत जावे लागते.

इव्हान पाव्हलोव्हला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. त्या कामातच त्याच्या लक्षात आले की कुत्र्याला लाळ सुटते ती केवळ अन्न तोंडात पडल्यावर नव्हे; अन्नाची वर्दी देणाऱ्या खुणेनेही सुटते. मेट्रोनोमची टिकटिक आणि मागोमाग अन्न, असे पुनःपुन्हा झाले की नुसती टिकटिक पुरते. या प्रतिक्षेपाला त्याने ‘उस्लोव्नी’ म्हटले. रशियनमध्ये ‘उस्लोविये’ म्हणजे अट. उस्लोव्नी म्हणजे अटीवर अवलंबून असलेला. इंग्रजीत याला ‘कंडिशनल’ शोभले असते, पण रूढ झाले ‘कंडिशन्ड’. १९२७ मध्ये अन्रेपने आणि १९२८ मध्ये गँटने केलेल्या इंग्रजी भाषांतरांच्या मुखपृष्ठांवरही तेच आले.

फरक एका प्रत्ययाचा, पण अर्थ उलटा. ‘कंडिशनल’ म्हणते, अमुक असेल तर हे घडेल. ‘कंडिशन्ड’ म्हणते, हे घडवून झाले. प्राणी म्हणजे भट्टीतून निघालेले मडके. पाव्हलोव्हने स्वतः मात्र आपल्या मडक्यांची माती ओली होताना पाहिली होती. टिकटिक नुसतीच होत राहिली, अन्न आले नाही, की लाळ आटते. काही वेळ जाऊ दिला की पुन्हा सुटते. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्र्यांचे शिकलेले प्रतिक्षेप बरेच दिवस बिघडले. पुढे एकदा दाराखालून पाण्याची धार आत सोडली, तेव्हा एका कुत्र्याची सावरलेली घडी पुन्हा विस्कटली.

‘उस्लोव्नी’ला आपल्याकडे काय म्हणावे? मला काशीच्या पाठशाळांतला शब्द सुचतो: सोपाधिक. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ न्यायशास्त्राचे प्रवेशद्वार मानला जातो. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती निर्दोष. अग्नी तिथे धूर, ही मात्र नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. ते ओले सरपण म्हणजे उपाधी, आणि असा संबंध सोपाधिक. रोजच्या मराठीत उपाधी म्हणजे पदवी, नाहीतर कटकट. न्यायातला अर्थ मागे पडला. नैयायिक अनुमानाची चर्चा करत होते, कुत्र्याच्या लाळेची नव्हे. पूर्वजांना सारे ठाऊक होते असा दावा इथे नाही. फक्त शब्द नेमका बसतो.

कारण पाव्हलोव्हनंतरचा इतिहास म्हणजे ओल्या सरपणाचाच शोध आहे. त्याची समजूत होती की हे शिक्षण मोठ्या मेंदूच्या बाह्य पटलात घडते. १९८४ मध्ये मॅकॉर्मिक आणि थॉम्पसन यांनी सशांवरचे निष्कर्ष मांडले. आधी स्वर, मग डोळ्यावर हवेचा झोत. ससा स्वरालाच पापणी मिटायला शिकतो. लहान मेंदूतील एका इवल्या केंद्राला इजा झाली की झोताला पापणी मिटते, स्वराला मिटत नाही. भीतीची वाट वेगळी निघाली. १९९२ मध्ये फिलिप्स आणि लेदू यांनी उंदरांत दाखवले की अमिग्डलाला इजा झाली तर धक्क्याची वर्दी देणारा स्वर आणि धक्का बसला ती पेटी, दोन्हींची शिकलेली भीती जाते. हिप्पोकॅम्पसला इजा झाली तर स्वराची भीती राहते, जागेची जाते.

म्हणजे मेंदूचे भाग ही एक उपाधी. दुसरी रक्तातून येते. १९९८ मध्ये वुड आणि शोर्स यांनी उंदरांना आधी ताण दिला आणि मग पापणी मिटण्याचा धडा दिला. नर अधिक चांगले शिकले, माद्या मागे पडल्या. अंडाशय काढलेल्या माद्यांत मात्र ताणाने ही घट झाली नाही. पुढे २००३ मध्ये दिसले की नरांतली वाढ अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवाचून होत नाही. स्वर तोच, ताण तोच, निकाल विरुद्ध.

त्याच वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयातून भट्टाचार्य आणि मुरुगानंदम यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग पाव्हलोव्हच्या घडणीचा नव्हता, पण प्रश्न शेजारचा होता. उंदरांना २१ दिवस, रोज एकदा, आधी अंदाज येणार नाही असा सौम्य धक्का दिला. रक्तातले कॉर्टिकोस्टेरोन वाढले आणि आकलन-स्मृती खालावली. धक्क्याआधी तासभर अश्वगंधाचा अर्क दिलेल्या उंदरांत हे परिणाम सौम्य राहिले. उंदराचा निकाल म्हणजे माणसाची औषधाची चिठ्ठी नव्हे. पण ताण क्षणाचा की तीन आठवड्यांचा, हीही एक उपाधीच.

आज ‘कंडिशनिंग’ हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडून मराठी घरांत शिरला आहे. ‘बायकांचं कंडिशनिंगच तसं झालेलं असतं,’ असे आपण म्हणतो आणि बोलणे तिथे थांबते. त्या वाक्यात चुकीचे भाषांतर झालेले एक विशेषण बोलत असते. सोपाधिक म्हटले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: कोणत्या अटीवर? कोणाच्या घरात, कोणत्या भीतीखाली, किती काळ? अभिसंधान हा शब्द आता पुस्तकांतून हलणार नाही, आणि हलवायचे कारणही नाही. भाषांतर करताना मी त्याच्या शेजारी एक अट मांडून ठेवते, इतकेच.