रुक्मिणीच्या माहेरी दोन दिवस



आपण वारकरी. मुक्काम कुठे, पाणी कुठले, तंबूचे ओझे कोणत्या गाडीत, आजारी माणसाला कोणी सांभाळायचे, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. महिना महिना चालायचे नियोजन आपण कागदाशिवाय करतो. पण घरच्या माणसांना घेऊन दोन दिवस कुठे जायचे म्हटले की आपली तारांबळ उडते. एक तर जाणेच होत नाही. झालेच तर दोन दिवसांत पाच तीर्थे उरकतो, आणि परत येईपर्यंत लेकरे रडकुंडीला आलेली, म्हाताऱ्यांचे पाय सुजलेले.

माझेच सांगतो. एकवीस वर्षे मी आषाढीला गेलो. त्या एकवीस वर्षांत पेरणीच्या दिवसांत घर, गुरे आणि वावर सौ.ने सांभाळले. मागच्या वर्षी गुडघ्यांनी जवाब दिला आणि मी घरी राहिलो. ओसरीवर बसलो असताना आठ वर्षांच्या नातीने विचारले, "आबाजी, पंढरपूर त रुक्मिणीचं सासर. मंग तिचं माहेर कुठी हाये?"

मी म्हटले, "इथंच, आपल्या वऱ्हाडात. वर्धेच्या काठी."

"मंग आजीले तिथं कधी नेलं का तुमी?"

नव्हते नेले. चुलीपाशी सौ. काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

त्यावरून ठरले की कार्तिकीनंतर, कापसाची पहिली वेचणी आटोपली की दोन दिवस काढायचे: एक दिवस अमरावतीत आणि एक कौंडण्यपुरात. तुम्हीही घरच्यांना घेऊन निघणार असाल तर हा बेत कसा आखला आणि तिथे काय पाहावे, ते सांगतो. पुस्तकातले थोडे आणि डोळ्यांनी पाहिलेले थोडे, असे मिसळून सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मोह आवरा. अमरावतीला जातोच आहोत तर चिखलदरा करू, रिद्धपूर करू, येताना शेगाव करू, असे घरातले प्रत्येक जण सुचवील. सगळी ठिकाणे थोर आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळे दिवस काढा. दिंडीची चाल मागच्या माणसाच्या पायांवर ठरते, तशीच कुटुंबाचीही ठरवा. आमच्यात सर्वांत हळू मी, म्हणून दिवसाला दोनच ठिकाणे आणि दुपारी दोन तास आडवे होणे, असा नेम केला. नवरात्रात जाऊ नका. अंबादेवीला तेव्हा इतकी रीघ असते की लेकरांना कळस दाखवण्यापलीकडे काही होत नाही. कौंडण्यपुरालाही कार्तिकात मोठी यात्रा भरते. गर्दीची आवड असेल तर तेव्हा जावे, निवांत बसून बोलायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

अकोल्याकडून येणाऱ्यांनी रेल्वेने बडनेऱ्याला उतरावे. मुंबई-हावडा मार्ग तिथून सरळ पुढे जातो आणि अमरावती फाट्यावर राहते, ऑटोने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. उतरायला धर्मशाळा किंवा साधे लॉज, तेही जुन्या शहराच्या जवळ पाहा. एका पायरीचाही त्रास होणारे कोणी बरोबर असेल तर खालच्या मजल्यावरची खोली आधी फोन करून सांगून ठेवा. आमच्याकडून हे राहिले, आणि दोन मजले चढताना मला पांडुरंग आठवला.

आता शहर. अमरावतीचे जुने नाव औदुंबरावती म्हणतात, त्यावरून उमरावती आणि पुढे अमरावती. १७२२ साली शाहू छत्रपतींनी अमरावती आणि बडनेरा राणोजी भोसल्यांना दिले, म्हणून 'भोसल्यांची अमरावती' असे नाव पडले. मग १८०३ साल उजाडले. त्या डिसेंबरात इंग्रजांनी मेळघाटातला गाविलगड घेतला, देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वऱ्हाड निजामाकडे गेला. पाठोपाठ पेंढाऱ्यांची धाड. कापसाच्या व्यापाराने गबर झालेले हे गाव त्यांच्या डोळ्यांवर असणारच. रेल्वे नव्हती तेव्हा इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे, त्यावरून इथल्या पेठेचा अंदाज करा. व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या अमलात १८०७ पासून गावाभोवती तट बांधला गेला. तोच आजचा परकोट. घेर सव्वादोन मैलांचा, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच वेशी आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे इथे तटातले लहान दार.

मुलांना परकोट दाखवायचा तर वेशींच्या नावांवरून दाखवा. जवाहर गेट, नागपुरी गेट, अंबा गेट, महाजनपुरी गेट, खोलापुरी गेट. नागपुरीतून कुठे जात असतील, खोलापुरीतून कुठे, हे लेकरांनाच विचारा. पटापट सांगतात आणि त्यांना गंमत वाटते. आमच्या नातवाने एका वेशीच्या लाकडावर हात फिरवून विचारले की हे दार रात्री लावत होते का. लावत होते, म्हटले. मग बाहेर राहिलेला माणूस कुठे झोपत असेल, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी वेळ मारून नेली. पण हा प्रश्न दिवसभर माझ्यामागे चालत राहिला.

एक खिडकी मात्र नाव सांगताना जड जाते. ती खुनारी खिडकी. तिच्याजवळ झालेल्या दंगलीत सातशे माणसे मारली गेली, म्हणून हे नाव. परक्यांच्या भयाने बांधलेला तट, आणि त्याच्याच पायाशी आपसात एवढे रक्त सांडले. लहानांना हे सांगावे की नाही? मी सांगितले, पण दोन वाक्यांत. नंतर गिला वडा खायला नेले. अमरावतीस येऊन गिला वडा न खाता जाणे म्हणजे पंढरीहून चुरमुरे न आणण्यासारखे. एकादशी असेल तर अर्थातच दुसऱ्या दिवशी.

दुपारची विश्रांती झाल्यावर अंबा गेटाच्या बाजूने अंबादेवीकडे जावे. शेजारीच एकवीरा देवी आहे. भागवतात रुक्मिणी लग्नाआधी अंबिकेच्या दर्शनाला जाते आणि तिथून श्रीकृष्ण तिला रथात घेऊन जातात. ते अंबिकेचे देऊळ हेच, अशी वऱ्हाडाची श्रद्धा. कौंडण्यपुरापासून इथवर भुयार होते असेही सांगतात. चाळीसेक किलोमीटरचे भुयार मी पाहिलेले नाही आणि पाहिलेला माणूसही मला भेटलेला नाही. पण आपल्या आयाबायांनी लेकीचे लग्न ठरावे म्हणून नाथमहाराजांचे 'रुक्मिणी स्वयंवर' वाचायला लावले, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येक पोरीच्या डोळ्यांपुढे हेच देऊळ आले, हे काही थोडे नाही. नाथांनी तो ग्रंथ १५७१ साली काशीत पूर्ण केला. काशीत बसून त्यांनी आपल्या वऱ्हाडच्या लेकीचे लग्न लावले, असे मी सुनेला म्हटले, तेव्हा ती प्रथमच त्या दिवशी मोकळी हसली.

याच देवळाच्या पायरीवर बसून मी नातवाच्या प्रश्नाकडे परत आलो. माउली, हे आपल्यालाच सांगायला हवे, दुसऱ्या कोणाच्या तोंडून मुलांना कळण्यापेक्षा. १९२७ साली वऱ्हाडातल्या अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी या देवळात प्रवेश मागितला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यांच्या बाजूने उभे राहिले. १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. थोरले बंधू बाळाराम वारल्याची तार बाबासाहेबांना अमरावतीतच मिळाली, तरी त्यांनी परिषदेचे काम टाकले नाही. देवस्थानच्या पंचांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला गेला. देवीच्या दारात उभे राहायला परवानगी मागायची, आणि वर थांबायचेही मागणाऱ्यानेच.

आपण म्हणाल, हे अमरावतीचे, आपल्या पंढरीत तसे नाही. तसेच होते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, तिथे माथा टेकूनच आपण पुढे जातो. तरी १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना विठ्ठलाचे देऊळ सर्वांना मोकळे व्हावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसावे लागले. गुरुजींना विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे माळकरीही होते. माझ्या आज्याच्या गळ्यात तेव्हा माळ होती. तो कोणत्या बाजूला होता, हे मी वडिलांना कधी विचारले नाही. आता विचारायला वडील नाहीत.

नातवाला मी एवढेच सांगितले की गावाची दारे रात्री लागत आणि सकाळी उघडत, काही दारे मात्र काही माणसांना दिवसाही बंद होती. त्याने विचारले, "काऊन?" मी म्हटले, आपल्या लोकांची चूक होती म्हणून. सौ.ने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत कीर्तनातही मी हे असे उघड बोललो नव्हतो.

म्हणून त्या संध्याकाळचा दुसरा थांबा आम्ही बदलला. मूळ बेतात बाजार होता, त्याऐवजी गाडगे महाराजांच्या समाधीला गेलो. गाडगेनगरला ऑटोने जाता येते. महाराज १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावचे, परिटाच्या घरातले. वाढले मामाकडे, आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात. १९०५ साली घर सोडले. गावात शिरताच खराटा हाती घ्यायचा, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने. बाहेर राहिलेला माणूस झोपतो कुठे, हा माझ्या नातवाचा प्रश्न त्या माणसाने आयुष्यभर सोडवला. नाशकात, पंढरपुरात, आळंदीत धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःला त्यातली खोली ठेवली नाही. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती दिली. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी महाराजांनी देह ठेवला. समाधीपाशी मुलांना दहा मिनिटे शांत बसवा. आमच्या पोरांनी मात्र बसण्याऐवजी तिथे पडलेली पाने गोळा केली. मी अडवले नाही.

दुसरा दिवस पूर्ण कौंडण्यपुराला द्या. सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत वर्धेच्या काठी पोचता. शिदोरी बरोबर ठेवा, लहान मुलांना नदीत एकटे सोडू नका, आणि टेकाडावर चढताना आजीचा हात कोणी धरायचा ते घरूनच ठरवा. विदर्भराजा भीमकाची राजधानी ती ही, असे परंपरा सांगते. पुराणातले सोडून द्यायचे तरी जमिनीतले आहेच. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केले, तेव्हा फार प्राचीन वस्तीचे अवशेष निघाले. मुलांना एवढे सांगितले की पायाखालच्या मातीकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

इथूनच रुक्मिणीची पालखी आषाढीला निघते. १५९४ पासून सदाराम महाराजांनी ही वाट घालून दिली असे सांगतात. महिन्यावर चालून ती पंढरीला पोचते. आपण पंढरीला माहेर म्हणतो. पण या पालखीबरोबर चालणारा माणूस माहेरची मूठभर माती घेऊन लेकीच्या सासरी निघालेला असतो. हे मला त्या दिवशी काठावर बसून सुचले, एकवीस वाऱ्यांत सुचले नव्हते.

देवळात सौ.ने पिशवीतून खण काढला, तांदूळ, नारळ आणि हळकुंड काढले. ओटीचे सामान तिने घरूनच आणले होते, आम्हा कोणाला न सांगता. ओटी भरून झाल्यावर ती आईसाहेबांपुढे बराच वेळ उभी राहिली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. नात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबाजी, आजी आत बोलून राहिली देवीशी." मी म्हटले, बोलू दे, गाडीला अजून वेळ आहे.