बेवारस जहाज ते बेवारस कंटेनर : सागरमार्गावरील तरंगत्या संकटाचा इतिहास

सागरावर हरवलेल्या वस्तूचे दोन प्रश्न असतात. ती कोणाची, हा पहिला. आणि तिच्यापासून कोणाला धोका, हा दुसरा. सागरी कायद्याच्या इतिहासात ह्यांपैकी पहिला प्रश्न फार जुना असून दुसरा त्यामानाने अर्वाचीन आहे. मालवाहू जहाजांवरून समुद्रात पडणाऱ्या कंटेनरांमुळे आज जी समस्या उत्पन्न झाली आहे, तिचे मूळ केवळ जहाजांच्या आकारात किंवा वादळांच्या तीव्रतेत शोधणे पुरेसे होणार नाही. ह्या दोन प्रश्नांमधील कालांतरातही ते शोधले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने असे ठरविले की, जहाजातून एखादा मनुष्य, कुत्रा अथवा मांजर जिवंत सुटले तर ते जहाज किंवा त्यातील माल बेवारस समजू नये. पुढे १६०१ साली सर हेन्री कॉन्स्टेबल ह्यांच्या खटल्यात बेवारस मालाची जी वर्गवारी झाली, ती आजही विद्यार्थ्यांना परिचित आहे : बुडालेल्या जहाजातून तरंगत आलेला तो ‘फ्लोट्सम’, जहाज वाचविण्यासाठी फेकून दिलेला तो ‘जेट्सम’, आणि पुन्हा सापडावा म्हणून तरंगती खूण बांधून सोडलेला तो ‘लिगन’. ह्या संज्ञांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांपैकी एकही संज्ञा धोक्याची वाचक नाही. माल समुद्रात कसा आला, ह्यावरून त्याचे नाव ठरते आणि नावावरून त्याचा स्वामी ठरतो. त्या मालावर दुसरे जहाज आदळेल, ही कल्पना ह्या शब्दांच्या अर्थकक्षेत आलेलीच नाही.

ती कल्पना रुजली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वाफेच्या जहाजांचा वेग आणि त्यांची संख्या वाढली, त्याच काळात खलाशांनी सोडून दिलेली लाकडी शिडाची जहाजे उत्तर अटलांटिकमध्ये महिनोन्‌महिने भरकटत राहू लागली. अशा जहाजांत इमारती लाकूड भरलेले असले की ती पाण्याने भरूनही बुडत नसत. १८९१ साली सोडून दिलेली ‘फॅनी ई. वोल्स्टन’ ही लाकूडवाहू नौका १८९४ पर्यंत वेगवेगळ्या जहाजांना वेगवेगळ्या ठिकाणी दिसत राहिली. ही माहिती उपलब्ध आहे ह्याचे कारण असे की, अमेरिकेच्या जलालेखन कार्यालयाने १८८३ पासून दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या नकाशांवर अशा जहाजांची स्थाने दाखविण्यास प्रारंभ केला होता. १८८९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय सागरी परिषदेत हा विषय चर्चेस आला. १९०८ साली तर बेवारस जहाजे शोधून नष्ट करण्यासाठी ‘सेनेका’ ही खास नौका अमेरिकेने सेवेत आणली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये झालेल्या सागरी सुरक्षेच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय करारातही हिमनगांच्या बरोबरीने बेवारस जहाजांचा विचार झाला. धोका ज्याच्या दृष्टीस पडेल त्या कप्तानाने तो इतरांना कळवावा, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

ह्या पार्श्वभूमीवर कंटेनरचा विचार करावयाचा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन ह्यांचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. १९६८ मध्ये कंटेनरच्या मापांचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण निश्चित झाले, आणि १९७२ मध्ये त्याच्या मजबुतीसंबंधीचा करार झाला. ह्या करारात पेटी माणसाच्या डोक्यावर कोसळू नये ह्याची काळजी होती. ती समुद्रात पडल्यास काय करावे, हा त्याचा विषय नव्हता.

वस्तुतः कंटेनर तरंगतो कसा, हे साध्या गणिताने समजते. वीस फुटी कंटेनरचे बाह्य आकारमान सुमारे ३८ घनमीटर असते. म्हणजे तो पूर्ण बुडताना सुमारे ३९ टन सागरजल बाजूस सारतो. त्याचे मालासह कमाल अनुज्ञेय वजन मात्र सामान्यतः ३०.४८ टन असते. तात्पर्य, न फुटलेला कंटेनर पडता क्षणी तरंगतोच. पुढे दारांच्या सांध्यांतून व हवेच्या छिद्रांतून पाणी शिरते, तसतसा तो खाली जातो. ह्याला किती वेळ लागेल हे आतील मालावर अवलंबून असते. शीतकंटेनरच्या भिंतींत कृत्रिम फेसाचा जाड थर असतो, त्यामुळे तो दीर्घकाळ पाण्याच्या पृष्ठभागालगत राहू शकतो. लाकूड भरलेल्या जुन्या नौकेचेच हे नवे रूप होय. फरक एवढाच की, त्या नौकेला डोलकाठी होती, नाव होते, आणि ती नकाशावर होती. कंटेनरचा जेमतेम वरचा पत्रा लाटांतून दिसतो. पोलादी महानौकेला त्याचा आघात कदाचित जाणवणारही नाही. मासेमारीच्या होडीला अथवा लहान शिडाच्या नौकेला मात्र तो प्राणघातक ठरू शकतो.

हरवलेल्या कंटेनरांची वार्ता कित्येक वर्षे किनाऱ्यावर आलेल्या मालावरूनच जगाला कळत होती. १९९० मध्ये ‘हान्सा कॅरियर’वरून पडलेले बूट आणि १९९२ मध्ये ‘एव्हर लॉरेल’वरून पडलेली २८,८०० खेळणी ह्यांच्या आधारे कर्टिस एब्समेयर ह्या सागरशास्त्रज्ञाने प्रशांत महासागरातील प्रवाहांचा अभ्यास केला. विज्ञानाला ह्याचा लाभ झाला, हे खरे. परंतु नाविकाला पेटी कोठे आहे हे कळण्याऐवजी खेळणी कोठे आली हे कळावे, ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही ह्याचा अनुभव आला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ह्या जहाजांची टक्कर होऊन पहिल्या जहाजावरील दोनशेहून अधिक कंटेनर पाण्यात पडले. काहींत कीटकनाशके होती. तेलगळतीकडे लोकांचे लक्ष अधिक गेले. तथापि मुंबई व जवाहरलाल नेहरू ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद राहिली, त्याचे एक प्रमुख कारण मार्गात तरंगणारे आणि तळाशी गेलेले कंटेनर हेच होते. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ६४० कंटेनर असलेले ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर पेट्या लागल्या आणि कोळ्यांना व किनाऱ्यावरील लोकांना त्यांच्यापासून दूर राहण्यास सांगावे लागले.

प्रतिबंधाचे उपाय दोन प्रकारचे आहेत : पेटी पडू न देणे आणि पडलेली पेटी कळविणे. पहिल्याची निकड २००७ मध्ये स्पष्ट झाली. इंग्लिश खाडीत निकामी झालेल्या ‘एमएससी नेपोली’वरील सुमारे ६६० कंटेनर वजन करून पाहिले, तेव्हा त्यांपैकी १३७ पेट्यांचे वजन घोषित वजनाहून तीन टनांपेक्षा अधिक फरकाने वेगळे निघाले. हलक्या समजलेल्या जड पेट्या वर रचल्या गेल्या की खालच्या पेट्यांवर व त्यांना बांधणाऱ्या सळयांवर अतिरिक्त ताण येतो. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढविण्यापूर्वी प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे वजन प्रमाणित करणे आवश्यक झाले, त्यामागे ह्याच प्रकारचा अनुभव होता.

दुसऱ्या उपायाची गती अधिक मंद राहिली. २००७ साली संमत होऊन २०१५ मध्ये अमलात आलेल्या नैरोबी कराराने भग्नावशेषाच्या व्याख्येत जहाजावरून हरवलेल्या वस्तूचाही समावेश केला, आणि ती कळविण्याची जबाबदारी जहाजाच्या कप्तानावर व चालकावर, तर खुणेने दाखविण्याच्या व हटविण्याच्या खर्चाची जबाबदारी जहाजमालकावर टाकली. मे २०२४ मध्ये मान्य झालेल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०२६ पासून कंटेनर गमावणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने जवळची जहाजे, किनाऱ्यावरील राष्ट्र आणि ध्वजराष्ट्र ह्यांना तशी सूचना देणे बंधनकारक आहे. तरंगता कंटेनर पाहणाऱ्या कप्तानावरही जवळची जहाजे व किनाऱ्यावरील राष्ट्र ह्यांना कळविण्याचे बंधन आहे. १९१४ साली बेवारस जहाजाविषयी जे मान्य झाले, ते कंटेनरच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत येण्यास आयडियल-एक्सच्या सफरीनंतर जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

ह्या विलंबाचे स्पष्टीकरण ‘संख्या अल्प’ असे दिले जाते. नौवहन कंपन्यांच्या जागतिक परिषदेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये २२१ आणि २०२४ मध्ये ५७६ कंटेनर हरवले. वर्षाकाठी वाहून नेल्या जाणाऱ्या सुमारे २५ कोटी पेट्यांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य आहे. परंतु हे प्रमाण मालाच्या हानीचे आहे, धोक्याचे नव्हे. विमाकर्त्याच्या दृष्टीने नगण्य असलेली एक पेटी होडीतील माणसाच्या दृष्टीने नगण्य नसते. १२७५ चा जुना प्रश्न — माल कोणाचा — येथे वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहतो.

पडलेली पेटी आपोआप बुडावी अशा झडपा बसविण्याच्या अथवा तिच्यावर संदेशयंत्र ठेवण्याच्या सूचनाही पुढे आल्या आहेत. त्यांपैकी पहिलीने धोका पृष्ठभागावरून तळाशी, मच्छीमारांच्या जाळ्यांकडे जातो. दुसरीचा खर्च कोट्यवधी पेट्यांवर पडतो. म्हणून बुडविण्यापेक्षा कळविणे आणि कळविण्यापेक्षा पडू न देणे, हाच क्रम ग्राह्य ठरतो. फ्लोट्सम, जेट्सम व लिगन ह्या तीन संज्ञांपैकी केवळ लिगनलाच तरंगती खूण बांधलेली असे, आणि तीही मालकाच्या सोयीसाठी. तीच खूण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नाविकाच्या रक्षणासाठी असावी, एवढाच ह्या नव्या नियमांचा अर्थ आहे.