वर्गसमीकरणाचे सामान्य रूप

एका चलातील ज्या समीकरणात चलाचा सर्वांत मोठा घातांक २ असतो, ते वर्गसमीकरण. सर्व पदे डाव्या बाजूला घातांकांच्या उतरत्या क्रमाने मांडून उजवीकडे केवळ शून्य ठेवले, की अक्ष² + बक्ष + क = ० हे सामान्य रूप मिळते. येथे अ, ब, क या वास्तव संख्या असून अ शून्य नसतो.

रीत : आधी कंस सोडवावेत, छेद असल्यास काढावेत, उजवीकडील पदे चिन्ह बदलून डावीकडे आणावीत आणि सजातीय पदे एकत्र करावीत.

उदाहरण : (क्ष − ३)(क्ष + ४) = ८. गुणाकार केल्यावर क्ष² + क्ष − १२ = ८, म्हणून क्ष² + क्ष − २० = ०. येथे अ = १, ब = १, क = −२०. अवयव (क्ष + ५)(क्ष − ४) असल्याने मुळे −५ व ४. नवशिके विद्यार्थी पुष्कळदा मूळ समीकरणातच क्ष − ३ = ८ असे लिहितात. ते चूक आहे, कारण गुणाकार शून्य असेल तरच एखादा अवयव शून्य असतो.

सहगुणक चिन्हासह वाचावेत. ३क्ष² = ७ याचे रूप ३क्ष² − ७ = ०; येथे ब = ०. क्ष² + ३क्ष = क्ष² + ९ यात मात्र वर्गपदे निघून जातात आणि ३क्ष − ९ = ० हे रेषीय समीकरण उरते.

नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मी याने पदे धन राहावीत म्हणून वर्गसमीकरणांचे वेगवेगळे प्रकार केले होते. ऋण सहगुणक व शून्य स्वीकारल्यामुळे ते सारे प्रकार या एकाच रूपात सामावतात.