तीन नंबर का तापतो?

"आत्या, बाकी सगळं ठीक आहे गं, पण तीन नंबर तापतोय."

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास भाच्याचा फोन आला तो हे वाक्य घेऊनच. हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. अमेरिकेत असतो, आणि नोकरी सांभाळून सात वर्षं घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधत होता. खेळण्यातलं नव्हे हो, दोन माणसं बसतील असं खरंखुरं! तिकडे हा छंद असलेली हजारो माणसं आहेत. नकाशे मिळतात, सुटे भाग मिळतात, आणि शेवटी तपासणी होऊन उडवायची परवानगीही मिळते. आपल्याकडे कांदिवलीत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं होतं, ते २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलेलं अनेकांना आठवत असेल. त्याच पंथातला आमचा हा.

तर विमान दोनदा उडून सुखरूप उतरलं होतं. पण चढताना चार सिलिंडरपैकी तिसऱ्याचं तापमान भराभर वर जाई. त्या इंजिनाची शेवटची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. शहाणा माणूस त्याच्या बराच खाली राहतो. फार तापलं तर सिलिंडरचं डोकं तडकतं, झडपा खराब होतात, आणि हे नेमकं घडतं ते चढताना, जमीन जवळ आणि वेग कमी असताना. भावजयीला यातलं निम्मंच कळलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. "वन्सं, तुम्ही तरी त्याला सांगा. तुमचं ऐकतो."

मी काय सांगणार? मी आयुष्यभर इतिहास शिकवला. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. अडचण समोर आली की आधी कोणाला आली होती ते बघायचं. म्हणून वाचायला बसले, आणि पहिल्याच पायरीवर माझीच चूक सापडली.

तीस वर्षं मी वर्गात सांगत आले : १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, राइट बंधू, १२ सेकंद, १२० फूट. मुलं घोकायची, पेपरात लिहायची, मी गुण द्यायची. त्या विमानात इंजिन होतं, ते कोणी केलं, ते तापत होतं का, हे ना मुलांनी विचारलं, ना मी सांगितलं.

ते इंजिन केलं चार्ली टेलर नावाच्या कारागिराने. तो राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात कामाला होता. मोटारींच्या कारखानदारांना पत्रं लिहून झाली, पण हवं तितकं हलकं इंजिन कोणाकडे मिळेना. मग टेलरने लेथ आणि ड्रिल मशीनवर सुमारे सहा आठवड्यांत ते घडवलं. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमची ओतीव पेटी, वजन सुमारे १८० पौंड. १२ फेब्रुवारी १९०३ ला ते पहिल्यांदा चालवून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी बेअरिंगं जाम होऊन पेटी फुटली! नवी पेटी ओतून येईपर्यंत एप्रिल उजाडला.

आणि हे इंजिन तापत होतं. सिलिंडरभोवती पाणी होतं, पण ते फिरवायला पंप नव्हता. सिलिंडरच्या डोक्यांपर्यंत तर पाणी पोचतच नव्हतं. कार्बोरेटरही नव्हता. पेट्रोल थेंबथेंब पडायचं, गरम धातूवर त्याची वाफ व्हायची आणि ती हवेबरोबर आत जायची. म्हणजे इंजिन जसं तापेल तशी आत जाणारी हवाही तापणार. गरम हवा विरळ, विरळ हवेत जळण कमी. परिणाम असा, की सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद जवळजवळ १६ अश्वशक्ती मिळे आणि मिनिटभरात ती १२ च्या आसपास येई.

मी हे वाचून थांबले. त्या दिवशीचं सगळ्यात लांबचं उड्डाण चौथं, विल्बरचं. ८५२ फूट, ५९ सेकंद. पुढे वाऱ्याने विमान उलटलं आणि ते पुन्हा कधी उडालं नाही. पण उड्डाणाआधीच त्या भावांना हे सगळं ठाऊक होतं. किती शक्ती लागेल याचा हिशेब त्यांनी आधी मांडला होता, ती ८ अश्वशक्ती. तापल्यावर उरणारी १२ त्याला पुरून उरत होती. तापण्याची अडचण त्यांनी सोडवली नाही, पण ती मोजली होती. मी वर्गात त्यांच्या धाडसाचं इतकं कौतुक केलं, आणि ही मोजणी मात्र कधी सांगितलीच नाही.

पुढच्यांची तऱ्हा वेगवेगळी. २५ जुलै १९०९ ला लुई ब्लेरिओने फ्रान्समधल्या कॅलेजवळून निघून समुद्र ओलांडला आणि तो डोव्हरला उतरला. सदतीस मिनिटांच्या आसपासचा प्रवास. त्याचं तीन सिलिंडरचं, २५ अश्वशक्तीचं अंझानी इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं, आणि तापण्याबद्दल बदनाम. वाटेत पावसाची सर आली आणि इंजिन निवलं म्हणून तो वाचला, असं सांगतात. खरं असो वा नसो, ही गोष्ट लोकांना पटली यातच त्या काळच्या इंजिनांची कीर्ती कळते.

त्याच सुमारास फ्रान्समध्येच सेगाँ बंधूंनी वेगळीच युक्ती काढली. सिलिंडरवर वारा पुरेसा येत नाही ना, मग सिलिंडरच फिरवा! त्यांच्या 'नोम' इंजिनात मधला दांडा स्थिर आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिन गरगर फिरणारं. थंड झालं खरं, पण त्यात वंगण म्हणून एरंडेल वापरत आणि ते जळून, उडून वैमानिकाच्या तोंडावर येई. त्याचा पोटावर काय परिणाम होत असेल, ते लहानपणी आजीच्या हातचं एरंडेल घेतलेल्यांना मी सांगायला नको.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडला. इंजिन उघडं ठेवलं तर गार राहतं, झाकलं तर तापतं, असं सगळेच धरून चालले होते. तुम्ही आम्हीही असंच म्हटलं असतं. पण १९२८ मध्ये अमेरिकेतल्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनाला नीट बेतलेलं झाकण घालून पाहिलं. आत शिरलेली हवा सिलिंडरवरूनच जाईल अशी वळवली. इंजिन गार राहिलं आणि कर्टिस कंपनीच्या एका विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ झाला. म्हणजे प्रश्न हवा किती येते एवढाच नव्हता. ती कुठून जाते, हा होता.

आमच्या जुन्या वाड्यात हे रोज दिसायचं. पुढचा दरवाजा सताड उघडा असला तरी परसदार बंद असेल तर माजघरात वाऱ्याची झुळूक नाही. परसदार किलकिलं केलं की पडदे हलायला लागायचे.

घरी विमान बांधणाऱ्यांचा पूर्वज म्हणावा असा एक माणूसही भेटला. बर्नार्ड पिटेनपोल, मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातला, स्वतःच शिकलेला. विमानाचं इंजिन सामान्य माणसाला परवडत नाही, म्हणून त्याने १९२९ मध्ये फोर्ड मोटारीचं इंजिन बसवलेलं विमान उडवलं. मोटारीच्या इंजिनाला रेडिएटर हवाच. तो त्याने इंजिनाच्या वर, ऐन वैमानिकाच्या नजरेसमोर उभा केला. पुढचं धड दिसत नाही, पण इंजिन निवतं. त्याचे नकाशे १९३२ साली छापून आले आणि आजही लोक ते विमान बांधतात, काही जण तो रेडिएटर तिथेच ठेवून.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला बरंच आधीच ठाऊक होतं, पण ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "तू मोजलंस का?"

"तेच चाललंय, आत्या. उडवणं बंद ठेवलंय."

तीन आठवडे विमान जमिनीवर होतं. आधी त्याने तिसऱ्या सिलिंडरचा तापमापक काढून पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. इंजिन चालवल्यावर तिसराच जास्त तापलेला दिसला, म्हणजे मापक खोटं बोलत नव्हता. ठिणगी वेळेवर पडते का, पेट्रोल कमी तर पडत नाही, हवेच्या नळीला गळती नाही ना, हे पाहिलं. मग एका रात्री गॅरेजमधले दिवे मालवून झाकणाच्या आत एक दिवा ठेवला आणि उजेड कुठून बाहेर येतो ते शोधलं. जिथून उजेड निसटतो तिथून हवाही निसटणार. अशा फटी त्याने रबराने बुजवल्या. तीन सिलिंडर निवले. तीन नंबर जिथल्या तिथे.

शेवटी दोष सापडला तो मागच्या बाजूला. हवा वळवणारा पत्रा तिथे सिलिंडरला अगदी चिकटून बसला होता. त्या बाजूला सिलिंडरची पाती आखूड असतात, त्यामुळे हवेला खाली उतरायला जागाच नव्हती. पत्र्यामागे दोन-तीन वायसर घालून त्याने काही मिलिमीटरची जागा केली.

"अरे, इतके दिवस फटी बुजवत होतास ना?" मी म्हटलं.

"त्या फटींतून हवा काम न करताच पळत होती. इथे तिला जायला वाटच नव्हती."

पुढच्या उड्डाणात तीन नंबर बाकीच्यांच्या रांगेत आला. भावजयीने गणपतीपुढे साखर ठेवली. मीही ठेवली, खोटं कशाला बोलू?

चार्ली टेलर १९५६ साली वारला. विमान-दुरुस्तीत पन्नास वर्षं काढलेल्या कारागिरांना अमेरिकन सरकार त्याच्या नावाचा पुरस्कार देतं. माझ्या वर्गात मात्र त्याचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. आता वर्ग नाही. पण तुमच्यापैकी कोणाची मुलं, नातवंडं १७ डिसेंबर १९०३ पाठ करत असतील, तर त्यांना माझ्या वतीने एवढंच विचारा : पहिल्या मिनिटातच १६ ची १२ अश्वशक्ती का झाली?

उत्तर शोधायला त्यांना वेळ द्या. मला तीस वर्षं लागली.