‘३/५’ हा अपूर्णांक नव्हे

दुसऱ्या महायुद्धकाळातील इंग्रजी वृत्तपत्रांत मराठा सैनिकाच्या नावापुढे ‘३/५ एम.एल.आय.’ अशी नोंद आढळते. तिरप्या रेषेआधीचा आकडा पलटणीचा, नंतरचा रेजिमेंटचा: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण.

पहिला आकडा चुकला, की रणभूमीच बदलते. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले, तेव्हा २/५ चे सैनिक युद्धकैदी झाले. मार्च १९४४ मध्ये ४/५ मणिपुरातील सांगशाकला जपान्यांशी झुंजली. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अंधेरी-मुलुंडच्या एखाद्या घरात पणजोबांच्या नावाचे जुने कात्रण सापडलेच, तर नावाइतकाच तो आकडाही काळजीपूर्वक वाचावा. ते कुठे लढले, याचा माग तिथूनच लागतो.