नळीच्या बुडाचे आटे

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून भरतात. त्यामुळे नळीचे दुसरे टोक पक्के बंद असावे लागते. ते बंद करणारे आट्यांचे लोखंडी बूच बाहेरून फारसे दिसत नाही. लाकडी दस्त्याच्या खोबणीत ते अर्धेअधिक झाकलेले असते. पण बंदुकीचा सर्वांत जोखमीचा भाग हाच. बार उडताना तेथे क्षणभर शेकडो वातावरणांचा दाब येतो आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा तेथून जेमतेम हातभर लांब असतो.

कुडाळ तालुक्यातल्या कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावांत भातशेती आणि माड-पोफळीच्या बागांच्या राखणीशी ठासणीची बंदूक जोडली गेली. रानडुकरांपासून भात आणि माकडांपासून नारळ वाचवायचे, तर मोठा आवाज करणारे काहीतरी हाताशी लागे. या साध्या हत्याराच्या बुडातली कारागिरी मात्र साधी नव्हती, आणि तिच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान वालावलच्या दक्षिणेला, गोव्यात लिहिले गेले.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा कायमचा जिंकला. शहराबरोबर तेथले बंदूक घडवणारे कारागीरही त्याच्या हाती आले. १५१३ मध्ये राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात त्याने या कारागिरांची मुद्दाम दखल घेतली. बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या बंदुका ते घडवतात आणि त्यांच्या नळ्यांना मळसूत्री बूच असते, असे कळवून त्याने एक कारागीर आणि कामाचे नमुनेही पोर्तुगालला धाडले. बोहेमियाची बंदूक तेव्हा युरोपात नावाजलेली होती. तिच्याशी तुलना करताना सेनापतीला बुचाचे आटे सांगण्याजोगे वाटले, यातच त्या कामाचे मोल कळते. कोकणच्या इतिहासात गडांविषयी आणि गलबतांविषयी भरपूर लिहिले जाते. या लोहारकामाला मात्र त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे.

हे काम किती अवघड होते, ते जपानच्या उदाहरणावरून दिसते. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक पोहोचली. तेथल्या लोहारांना नळी घडवता आली, पण तिचे बूड बंद करणे जमेना, कारण आट्यांचे तंत्र त्यांच्याकडे नव्हते. पुढच्या वर्षी आलेल्या जहाजावरील परदेशी लोहाराकडून ते शिकून घेतले गेले, असे १६०६ च्या ‘तेप्पोकी’ या वृत्तांतात नोंदले आहे. ही विद्या मिळवण्यासाठी याइता किनबेई या लोहाराने आपली मुलगी परदेशी माणसाला दिली, अशी दंतकथा त्या बेटावर आजही सांगतात. बाहेरचे आटे कानशीने पाडता येतात. अरुंद नळीच्या आत तेच आटे पाडणे हा खरा कस. बुचावर तापलेली नळी ठोकून आतले आटे उमटवण्याची रीत जपानी कारागिरांनी वापरली, असे अभ्यासक मानतात.

नंतरच्या तीनशे वर्षांत बार पेटवण्याची तऱ्हा बदलत गेली. तोड्याची बंदूक मागे पडून गारगोटीची आली. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे केपाची बंदूक निघाली. हेन्री नॉकने १७८७ मध्ये बुचातच दारूची छोटी खोली कोरून बार लवकर पेटेल अशी सोय केली होती. चाप, घोडा, कान सारे बदलले, पण बुडाशी आट्यांचे बूच राहिलेच.

पारंपरिक बंदुकीत हे बूच एकदा घट्ट बसवले की पुन्हा काढायचे नसते. दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग काजळी आणि क्षारांच्या रूपाने मागे उरतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात अशी मळकी नळी दोन-चार दिवसांतच गंजू लागते. म्हणून बार काढल्यानंतर तोंडाकडून गरम पाणी ओतून गजाला गुंडाळलेल्या चिंधीने नळी धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा, हीच तिची निगा. पुन्हा ठासण्याआधी ते तेल पुसावे लागते, नाहीतर दारू भिजते आणि बार फुसका जातो.

बूच काढून नळी आरपार धुण्याची सोय असलेल्या ठासणीच्या बंदुका अमेरिकेत १९८५ नंतर लोकप्रिय झाल्या आणि आट्यांना काय लावावे हा प्रश्न तेव्हापासून खऱ्या अर्थाने पुढे आला. आट्यांत शिरलेली काजळी भाजून घट्ट बसते, आट्यांना गंज चढतो आणि बूच निघेनासे होते. त्यावर कोणी तांबे किंवा ग्राफाइट मिसळलेले, उष्णता सोसणारे वंगण लावतात, तर कोणी नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. बाराचा जाळ त्याहून कितीतरी तापतो. टेप टिकते ती झळ क्षणभराची असते आणि आटे आडोशाला असतात म्हणून. काजळीला आत शिरू न देणे एवढेच टेपचे आणि वंगणाचे काम. दाब पेलतात ते नीट जुळलेले आटे, आणि वायू अडतो तो बुचाचा चेहरा नळीतल्या कडेवर घट्ट टेकल्यामुळे. झिजलेल्या आट्यांवर टेप गुंडाळून बूच घट्ट झाल्यासारखे वाटते, पण तो घट्टपणा फसवा असतो. असे बूच घेऊन बार काढणे म्हणजे जिवाशी खेळ.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख कायम ठेवला आणि सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर राहिली. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे हा गुन्हा ठरतो. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. परवानाधारक वारल्यावर वारसांना स्वतःच्या नावे परवाना मिळाला नाही, तर बंदूक सरकारजमा करावी लागते, आणि अशी शस्त्रे पुढे नष्टही केली जातात. ती भट्टीत जाण्याआधी वस्तुसंग्रहालयांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी जाणत्या कारागिराच्या मदतीने त्यांची नळी, बूच आणि आटे यांची मापे व छायाचित्रे नोंदवून ठेवावीत.